परदेशगामी चिरंजिवांच्या प्रकृतीचा बंदोबस्त : मंगळवेढेकर पालकांकरिता मार्गदर्शन

मंगळवेढे तालुक्यात ज्वारी उत्तम पिकते, संत पुष्कळ होऊन गेले आणि पाऊस त्याच्या मनात येईल तेव्हाच पडतो, इतकी माहिती शालेय पुस्तकांच्या आधारे सर्वांस असतेच. परंतु अलीकडच्या काही वर्षांत या काळ्या रानातून आणखी एक पीक निघू लागले असून, ते काढणीस आले की पंढरपूर वा सोलापूरच्या बाजारात न उतरता थेट लेस्टर, म्युनिक, मेलबर्न आणि डॅलसकडे रवाना होते, याची नोंद गाव नमुना बाराच्या कोणत्याही रकान्यात अद्याप झालेली नाही. नोंद नाही म्हणून पीक नाही, असे मात्र नव्हे. दामाजी चौकात उभे राहून चार पालकांची बोलणी कानावर घेतली, तर दोघांच्या तोंडी ज्वारीचा भाव असतो आणि उरलेल्या दोघांच्या तोंडी पौंडाचा. या पिकास लागवडीचा खर्च अतोनात, मुदत दीर्घ आणि रोगाचा प्रादुर्भाव परमुलखात. तेव्हा त्याचा विमा कसा उतरवावा, याविषयी पालकवर्गात जे घोर अज्ञान आहे त्याचे निरसन व्हावे, एवढ्याच लोकहितबुद्धीने प्रस्तुत मार्गदर्शनाचा मसुदा केला आहे.

प्रारंभी पालकाने स्वतःची पात्रता तपासून घ्यावी. विम्याच्या कामी मंगळवेढेकर अगदीच अनभिज्ञ आहे, असे मानण्याचे कारण नाही. २०१६ पासून पीकविम्याची प्रधानमंत्री योजना त्याच्या परिचयाची आहे. २०२३ च्या खरिपात राज्य सरकारने शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला आणि २०२५ साली ती रुपयाची मेहेरबानी मागे घेतली, हेही त्याने पाहिले आहे. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत खबर दिली पाहिजे, पंचनामा झाल्याखेरीज गारपीट झाली असे धरता येत नाही, आणि आपल्या रानात पाऊस पडला की नाही हे आपण नव्हे तर महसूल मंडळातील पर्जन्यमापक ठरवतो, या अनुभवांतून ज्याची बुद्धी तावूनसुलाखून निघाली आहे, त्यास जगातील कोणत्याही विमा कंपनीने नवीन असे काय शिकवावे? घोटाळा होतो तो दुसऱ्याच एका संस्कारामुळे. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाल्यापासून घरोघरी नात्यातलाच कोणीतरी एजंट निघत आला असून, त्याने पिढ्यान्‌पिढ्या अशी समजूत करून दिली आहे की, विमा म्हणजे मुदतीअंती बोनससह परत येणारी ठेव. त्यामुळे मुलाच्या आरोग्यविम्याचा हप्ता ऐकताच पालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “पोरगं धडधाकट ऱ्हायलं, तर शेवटाला हातात किती येणार?” काही येणार नाही, असे उत्तर मिळाले की तो म्हणतो, “म्हंजे पैसे गेलेच की!” गेले. या सत्याचा स्वीकार ही विमासाधनेची पहिली पायरी होय, आणि तीवर पाऊल स्थिर होईपर्यंत पुढील परिच्छेद वाचू नयेत.

हप्ता कशावरून ठरतो, अशीही पृच्छा होते. दिवाळीच्या अमावास्येस हुलजंतीच्या यात्रेत पुढील सालाची भाकणूक होते; विमा कंपनीतही तशीच भाकणूक सांगणारे गणिती असतात आणि यंदा किती विद्यार्थ्यांचे अपेंडिक्स सुजेल याचा ते आगाऊ अदमास घेतात. हुलजंतीची भाकणूक चुकली तर कोणी दाद मागत नाही, आणि कंपनीची चुकली तर पुढील वर्षी हप्ता वाढतो, इतकाच व्यावहारिक भेद.

आता आदर्श विमा कसा असावा, हे समजण्यास दूर जाण्याचे प्रयोजन नाही. तो याच गावी होऊन गेला. दामाजीपंत बेदरच्या बादशहाच्या वतीने मंगळवेढ्याचा कारभार पाहत असता भीषण दुष्काळ पडला, त्यांनी सरकारी धान्याची कोठारे हुकुमाची वाट न पाहता रयतेस खुली केली, बादशहाने त्यांना पकडून हजर करण्याचे फर्मान काढले, आणि पंत बेदरच्या वाटेवर असतानाच विठू महार या नावाचा एक अपरिचित इसम दरबारात रुजू होऊन धान्याची सारी किंमत चुकती करता झाला व त्याने शिक्क्यानिशी पावती घेतली, जी पुढे पंतांच्या पोथीत निघाली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. भाविकांनी या कथेचा विचार भक्तीच्या अंगाने भरपूर केला. विमाशास्त्राच्या अंगाने तो व्हावा तितका झालेला नाही. सूक्ष्म दृष्टीने पाहता, येथे त्रयस्थाने परस्पर भरणा केला असून ज्याच्यावर प्रसंग आला त्यास पदरची एक कवडीही आधी मोजावी लागलेली नाही, म्हणजेच आजच्या परिभाषेत व्यवहार संपूर्ण कॅशलेस झाला. वजावट शून्य. वीस टक्के तुम्ही सोसा, ऐंशी टक्के आम्ही सोसू, अशी भाषा विठूने केली नाही. बेदर आमच्या नेटवर्कात मोडत नाही, असे सांगितले नाही. रयतेची ही भूक पॉलिसी घेण्यापूर्वीपासूनची होती काय, असा तर प्रश्नही विचारला नाही. आणि सर्वांवर ताण म्हणजे, कागद मागण्यासाठी हेलपाटे न घालायला लावता पावती लाभार्थीच्या पोथीत आपण होऊन पोचती केली. असा विमाकार पुन्हा झाला नाही, आणि आजच्या कंपन्यांकडून त्याची अपेक्षा धरणे म्हणजे आपल्या मुलास केवळ देवाच्या हवाली करणे होय. तसे करावयाचे असल्यास पंढरपूर जवळ आहे. विमानाचे तिकीट काढण्याची गरज नाही.

देशपरत्वे रिवाज निराळे. ब्रिटनचा मामला त्यातल्या त्यात सरळ, निदान पैसे घेण्याच्या बाबतीत सरळ. तेथील सरकारने एप्रिल २०१५ पासून परदेशी मंडळींवर आरोग्याचा अधिभार बसविला. विद्यार्थ्यास तो तेव्हा वर्षाला १५० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून तो ७७६ पौंड झाला. एका वर्षाची पदव्युत्तर पदवी घेण्यास निघालेल्या विद्यार्थ्याचा व्हिसा अभ्यासक्रम संपल्यावरही काही महिने चालतो, आणि सहा महिन्यांपर्यंतच्या तुकड्यास अर्ध्या वर्षाचा आकार पडतो, म्हणून एका वर्षाच्या शिक्षणास दीड वर्षाचे ११६४ पौंड, तेही व्हिसाच्या अर्जासोबत आणि एकरकमी, भरावे लागतात. एकदा भरणा झाला की राष्ट्रीय आरोग्य सेवेचे द्वार उघडते. मात्र उघडलेल्या द्वारातून आत जाण्यासाठी राहत्या भागातील डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते, आणि आमचे विद्यार्थी हे काम ताप चढल्यावर हाती घेतात. उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात, प्रकृती ठणठणीत असताना, नाव नोंदवावे. औषधाची चिठ्ठी स्कॉटलंड व वेल्समध्ये मोफत, इंग्लंडात दर नगास ९ पौंड ९० पेन्स. दात व चष्मा यांचा हिशेब वेगळा. तज्ज्ञाची भेट लवकर मिळत नाही, परंतु आषाढीस दर्शनबारीत रात्री काढलेल्या घराण्यातील मुलास हे जड जाऊ नये.

जर्मनीत विम्याचा दाखला दाखविल्याखेरीज विद्यापीठात नावच दाखल होत नाही. या शिरस्त्याचे मूळ जुने आहे. १८८३ च्या जून महिन्यात बिस्मार्कच्या जर्मनीत कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. त्याच महिन्यात कल्याणची आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरली. पैकी कायद्याने घातलेला पायंडा आजतागायत टिकून आहे. आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या थंडीत, अंगावर लुगडे आणि पोटात शाकाहार ठेवून, वैद्यकाचा अभ्यास करीत राहिली, मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाली, क्षय घेऊन स्वदेशी परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास निवर्तली. तिच्या प्रकृतीचा परदेशात काही बंदोबस्त होता, तर तो रोझेलच्या कार्पेंटरबाईंचा. त्यांनी तिला मुलीसारखे सांभाळले, आणि तिची रक्षाही पुढे त्यांच्याच घराण्याच्या दफनभूमीत विसावली. त्यास हप्ता नव्हता, पण तशी बाई प्रत्येक विद्यार्थ्यास भेटेल अशी हमी कोणत्याही दूतावासाने दिलेली नाही.

तर जर्मनी. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत विद्यार्थ्यास सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो; दरमहा साधारण दीडशे युरोंच्या आतबाहेर पडतात. कोणी एजंट याहून स्वस्त खासगी विमा दाखवील. तो घेण्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट मागितली की ती सूट शिक्षण संपेपर्यंत परत करता येत नाही, हे तो एजंट सांगणार नाही, म्हणून येथे सांगितले. आणखी एक कलम मंगळवेढ्यातील आत्यामावश्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वयाची तेवीस वर्षे पूर्ण केलेल्या परंतु अपत्य नसलेल्या इसमास, म्हातारपणाच्या शुश्रूषेकरिता जो विमा तेथे सोबतच घ्यावा लागतो त्याचा हप्ता, अपत्यवंतापेक्षा अधिक पडतो. निपुत्रिकपणावर इतक्या स्पष्टपणे आकार बसविणारे सरकार पाहून लग्नाचा विषय घरात नव्याने निघण्याचा संभव आहे. विद्यार्थ्याने ही माहिती घरी कळविण्यापूर्वी पूर्ण विचार करावा.

अमेरिकेचे प्रकरण मात्र सावकाश घ्यावे लागते. तेथे एफ-वन व्हिसाच्या विद्यार्थ्याने विमा घेतलाच पाहिजे, असा केंद्रीय कायदा नाही; हे वाचून पालकाच्या मुद्रेवर जे समाधान पसरते ते क्षणभंगुर असते, कारण कायद्याची उणीव विद्यापीठे भरून काढतात. बहुतेक विद्यापीठे आपला विमा विद्यार्थ्याच्या नावे आपण होऊन लावतात व त्याचे पैसे शुल्कात मांडतात. तो नको असेल तर ठरावीक तारखेच्या आत तोडीस तोड दुसरा विमा दाखवून सूट मागावी लागते. तारीख उलटली की सूट गेली. जे-वन व्हिसावर जाणाऱ्यांस मात्र सरकारनेच माप घालून दिले आहे : दर आजारास वा अपघातास किमान एक लाख डॉलरांचे संरक्षण, वैद्यकीय कारणास्तव हलविण्यासाठी पन्नास हजार, पार्थिव स्वदेशी पाठविण्यासाठी पंचवीस हजार, आणि वजावट पाचशेहून अधिक नाही. हा शेवटून दुसरा आकडा पालकांनी वाचावा आणि मुलाच्या आईस वाचून दाखवू नये.

वजावट म्हणजे काय, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चिरंजीव बर्फावरून घसरले आणि इस्पितळाने साडेदहा हजार डॉलरांचे बिल केले. पॉलिसीत वजावट पाचशे असेल, तर पहिले पाचशे चिरंजिवांचे. उरले दहा हजार. त्यात कंपनीचा हिस्सा ऐंशी टक्के असेल, तर वीस टक्क्यांचे दोन हजार पुन्हा चिरंजिवांचे. एकंदर अडीच हजार डॉलर ज्याच्या नावे निघाले त्याचा विमा उतरविलेला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शिवाय हा हिशेब इस्पितळ कंपनीच्या नेटवर्कातील असेल तरचा. ते बाहेरचे निघाले तर टक्के पालटतात, आणि ते आतले की बाहेरचे हे घसरण्यापूर्वी पाहून ठेवावे, घसरताना वेळ मिळत नाही. काही पॉलिसींत वर्षाला पदरच्या खर्चाची एक कमाल मर्यादा असते. ती किती, हे हप्त्याच्याही आधी विचारावे, कारण स्वस्त पॉलिसीची स्वस्ताई बहुधा याच रकान्यात दडलेली असते. सर्दीपडशासाठी प्रथम विद्यापीठाच्या दवाखान्यात जावे. काही पॉलिसींत तेथील चिठ्ठीवाचून बाहेरच्या डॉक्टरचे पैसे मिळत नाहीत. रात्रीअपरात्री किरकोळ दुखण्यासाठी मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जाणे हा श्रीमंतीचा दागिना होय. काही दिवसांनी कंपनीकडून एक जाड लिफाफा येतो, त्यातील कागदावर बिलासारखेच आकडे असतात आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेले असते की, हे बिल नव्हे. पुढे खरे बिल येते, त्यावर ते बिल आहे असे लिहिलेले नसते. दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडे ताडून पाहावेत; इस्पितळे अमेरिकेतही चुका करतात, आणि त्या बहुधा आपल्या बाजूने करीत नाहीत.

अर्ज भरताना मंगळवेढेकर पालकाने आपल्या एका वंशपरंपरागत सवयीवर विजय मिळविला पाहिजे. आपल्याकडे स्थळ पाहणाऱ्यांपासून दमा, फिट आणि चष्म्याचा नंबर लपविण्याची जी कला घराघरांत विकसित झाली आहे, ती विमा अर्जात वापरल्यास पुढे दावा नामंजूर करण्याचे आयते कारण कंपनीच्या हाती पडते. लग्नात खोटे उघड झाले तर निदान चार वडीलधारी मंडळी बसून तोड काढतात; कंपनीकडे वडीलधारी मंडळी नसतात. लहानपणापासूनचा दमा असेल तर तसे लिहावे, औषधाचे नाव लिहावे, पंपाचे मूळ रासायनिक नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजीत घ्यावे. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांचा विमा व्हिसाच्या पूर्ण मुदतीइतका घ्यावाच लागतो, आणि पूर्वीपासून असलेल्या शारीरिक विकारांस तेथे बारा महिने थांबण्याची अट असते. सत्य सांगूनही वर्षभर थांबावे लागते, तेव्हा असत्य सांगून काय साधणार?

दातांविषयी दोन शब्द जास्त खर्च करणे भाग आहे. दात हा शरीराचा भाग आहे, असे जगातील फारच थोड्या विमा कंपन्यांचे मत आहे. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका सर्वत्र तो वेगळा मानला जातो, वेगळा आकारला जातो, आणि नेमका सत्रपरीक्षेच्या आदल्या रात्री दुखतो. त्यातही अक्कलदाढ ही व्हिसा मिळालेल्या वयातच उगवते. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी चिरंजिवांस गावातील वा सोलापूरच्या दंतवैद्याच्या खुर्चीवर बसवावे, किडलेले भरून घ्यावे, डळमळीत काढून घ्यावे, आणि चष्म्याचे दोन जोड करून द्यावेत. एवढ्या खर्चात परदेशात दाढेचे एक छायाचित्र आणि सहानुभूती मिळते.

पार्थिव स्वदेशी पाठविण्याचे कलम वर आले. ते अशुभ म्हणून खोडू नये. याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि कामावर लावलेल्या माणसांत चोखोबा गाडले गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरी महाद्वाराशी नेल्या, असे परंपरा सांगते. त्या बांधकामात मजुरांच्या जिवाची तरतूद कोणत्या कलमान्वये होती, याचा कागद उपलब्ध नाही. असण्याचा संभवही नाही. तेव्हा ज्यांच्या वस्तीकडे गावकुसाच्या आतून पाहण्याचीही वहिवाट नव्हती, त्यांच्या मुलांस आज महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळू शकते, आणि तिच्यात शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता व विमानभाडे यांजबरोबर आरोग्यविम्याचाही अंतर्भाव आहे. अनुसूचित जातींतील जो विद्यार्थी या योजनेस पात्र असेल, त्याने विम्याचे पैसे सावकाराकडून उचलण्यापूर्वी समाजकल्याण खात्याची जाहिरात वाचावी, आणि ती वाचली असेल तर मुदतही वाचावी.

येथूनच विमा घेऊन जावा की तेथे गेल्यावर घ्यावा, हा वाद चौकात नेहमी रंगतो. भारतीय कंपन्यांच्या विद्यार्थी पॉलिसी स्वस्त असतात हे खरे, परंतु मुलाचे विद्यापीठ ती मान्य करते की नाही, हे लेखी विचारून मगच पैसे भरावेत. एजंटाचे तोंडी आश्वासन डॅलसमध्ये चालत नाही. या पॉलिसींतील काही कलमे मात्र वाङ्मयीन गुणांची आहेत. खर्च करणाऱ्या पालकाचा अपघाती अंत झाला तर उरलेले शुल्क कंपनी भरते. मुलगा बरेच दिवस इस्पितळात पडून राहिल्यास घरच्या एकाला भेटीस जाण्याचे भाडे मिळते. आणि अनेक पॉलिसींत मुलास अटक झाल्यास जामिनाची रक्कमही ठरावीक मर्यादेपर्यंत असते. हे शेवटचे कलम वाचून संतप्त झालेले पालक असतात. एका गृहस्थांनी ते खोडून मिळावे म्हणून आग्रह धरला होता, कारण कलम असले की मुलास तशी बुद्धी होईल, असे त्यांचे म्हणणे. मद्यप्राशनानंतर झालेल्या इजेचे पैसे मिळत नाहीत, हे कलम त्याच पानाच्या पाठीमागे होते; ते त्यांनी मुलास मोठ्याने वाचून दाखविले.

प्रसंग आलाच, तर कार्यपद्धती अशी. पॉलिसीची मूळ प्रत सातबाराच्या उताऱ्याबरोबर ट्रंकेत ठेवण्याचा जो घरोघरी प्रघात आहे तो मोडावा. आजारी पडणारा लेस्टरला आणि पॉलिसी मंगळवेढ्यास, अशी विभागणी कोणाच्याच उपयोगाची नाही. एक नक्कल मुलाच्या मोबाइलात, एक त्याच्या खोलीतील सोबत्याकडे असावी, आणि कंपनीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक मुलास तोंडपाठ असावा. पीकविम्यात जसा खबर देण्याचा अवधी ठरलेला, तसा येथेही असतो. इस्पितळात दाखल होण्यापूर्वी, आणि ते शक्य नसेल तर दाखल झाल्याबरोबर, कळवावे. औषधाची दुकानदाराची चिठ्ठीसुद्धा टाकू नये. दावा भारतीय कंपनीने नाकारला, आणि तिच्याकडे लेखी तक्रार करून महिना उलटला वा उत्तर असमाधानकारक आले, तर सोलापूर जिल्ह्यातील मंडळींनी पुण्याच्या विमा लोकपालाकडे दाद मागावी. त्यास शुल्क नाही, वकीलही लागत नाही, मात्र वर्षाची मुदत आहे. परदेशी कंपनीशी तंटा त्या देशाच्या कायद्याने चालतो, आणि तेथे विद्यापीठाची परदेशी विद्यार्थ्यांची कचेरी हाच पहिला आधार.

दुखणे आले की प्रथम कोणास फोन करावा, याविषयी शास्त्रार्थ स्पष्ट आहे : प्रथम कंपनीस, नंतर आईस. कंपनी पॉलिसीचा क्रमांक आणि जन्मतारीख विचारते, म्हणजे दोन मिनिटांत काम उरकते. आई आदल्या रात्री काय खाल्ले होते येथून सुरुवात करते, मग भाकरी मिळते का, स्वेटर घातला होता का, आणि ज्या मित्राबरोबर राहतोस तो कसला आहे, या क्रमाने जाते, आणि तोवर मंजुरी मागण्याची वेळ टळून जाते. या कलमाची अंमलबजावणी तालुक्यातील एकाही घरात झाल्याचे अद्याप ऐकिवात नाही.